घरी गेमिंग संगणक जोडताना: कोणता भाग कशाशी जुळतो?

मूळ लेख

गेमिंगसाठी स्वतः संगणक जोडू इच्छिणाऱ्यांचे प्रश्न वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. निवडलेला प्रत्येक भाग आपापल्या जागी उत्तम असतो, त्याची परीक्षणे बारकाईने वाचलेली असतात, परंतु त्या भागांचे एकमेकांशी पटते का, हे मात्र तपासायचे राहून गेलेले असते. म्हणून या धाग्यात कोणते कार्ड अधिक वेगवान आणि कोणता प्रोसेसर श्रेष्ठ, ही चर्चा बाजूला ठेवून केवळ जुळणीचा विचार करावा, अशी विनंती आहे.

न जुळणारे भाग दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात भाग बसतच नाही: कूलर कॅबिनेटच्या झाकणाला टेकतो, किंवा ग्राफिक्स कार्ड पुढच्या पंख्यांपर्यंत पोहोचते. ही अडचण त्रासदायक असली तरी ती लगेच दिसते आणि त्यात काही बिघडत नाही. दुसऱ्या प्रकारात भाग नीट बसतो, खटकाही लागतो, आणि तरीही संगणक सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन कायम कमी वेगाने चालत राहतो, किंवा एखादा भाग जळून जातो. माझ्या मते आपली बहुतेक सावधगिरी या दुसऱ्या प्रकारासाठी राखून ठेवली पाहिजे.

सॉकेटचेच, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर जेथे बसतो त्या जागेचेच, उदाहरण घ्या. इंटेलचे सहाव्या व सातव्या पिढीचे प्रोसेसर एलजीए ११५१ सॉकेटमध्ये बसत असत. २०१७ मध्ये आठवी पिढी आली, तिचाही सॉकेट एलजीए ११५१ हाच होता आणि प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर बसतही असे. परंतु त्यासाठी ३०० मालिकेचा चिपसेट (मदरबोर्डवरील नियंत्रक चिप) आवश्यक होता आणि जुन्या बोर्डवर तो चालत नसे. तेव्हा सॉकेटचे नाव सारखे असणे ही पहिली अट झाली, शेवटची नव्हे. शेवटचा निर्णय मदरबोर्ड उत्पादकाच्या संकेतस्थळावरील त्या विशिष्ट मॉडेलच्या प्रोसेसर यादीवरच करावा आणि त्या यादीत प्रोसेसरच्या नावासमोर बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डवरील मूळ प्रणालीची) कोणती आवृत्ती लिहिली आहे, तेही पाहावे.

सध्या विचारात घेण्यासारखे सॉकेट मोजकेच आहेत. एएमडी या प्रोसेसर कंपनीचा एएम४ हा जुना सॉकेट डीडीआर४ या आधीच्या पिढीची रॅम वापरतो, तर २०२२ मध्ये आलेला एएम५ फक्त डीडीआर५ ही नवी पिढी स्वीकारतो. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीसाठी एलजीए १७०० आहे, आणि येथे बोर्ड डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा, हे मॉडेलवर अवलंबून असते. एकाच नावाच्या बोर्डच्या दोन आवृत्त्या असतात आणि नावाच्या शेवटी असलेले एखादे अक्षर वाचायचे राहिले तर चुकीची रॅम घरी येते. २०२४ मधील कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी एलजीए १८५१ असून तेथे केवळ डीडीआर५ चालते. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींच्या पट्ट्यांना २८८ पिनाच असतात, मात्र खाच वेगळ्या ठिकाणी असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. ती बसवण्यासाठी जोर लावू नये.

जोर न लावताही नुकसान होऊ शकते अशा दोन जागा मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या काढता येणाऱ्या, पॉवर सप्लायच्या केबली. केबलचे कार्ड, डिस्क अशा भागांकडील टोक प्रमाणित आहे, पण पॉवर सप्लायकडील टोकाला कोणतेही सामाईक प्रमाण नाही. जुन्या पॉवर सप्लायची केबल नव्यात सहज बसू शकते आणि जेथे ५ व्होल्ट अपेक्षित आहेत तेथे १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क किंवा एसएसडी कायमची निकामी होऊ शकते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांमध्येही हे घडते. म्हणून पॉवर सप्लाय बदलताना त्याच्या सर्व केबली बदलाव्यात. जुन्या केबली कॅबिनेटमध्ये नीट ओवून बसवलेल्या असल्या तरी त्या काढाव्यात.

दुसरी जागा शोभेच्या दिव्यांची आहे. ज्या पट्टीतील प्रत्येक दिवा वेगळा रंग दाखवू शकतो ती ५ व्होल्टवर चालते आणि तिच्या जोडणीत तीन पिना असतात. जी संपूर्ण पट्टी एकाच रंगात उजळते ती १२ व्होल्टची असते आणि तिला चार पिना असतात. ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टच्या जोडणीवर लावली तर दिवे जळतात. बोर्डवर या जोडण्यांशेजारी व्होल्टेज छापलेले असते. ते विजेरीच्या उजेडात वाचून मगच केबल लावावी.

मापांबद्दल थोडक्यात सांगतो. एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ × २४४ आणि मिनी आयटीएक्स १७० × १७० मिलिमीटर असतो. कॅबिनेटच्या माहितीपत्रकातून तीन आकडे घ्यावेत: कूलरची कमाल उंची, ग्राफिक्स कार्डाची कमाल लांबी आणि रेडिएटर (पाण्याच्या कूलरचा उष्णता बाहेर टाकणारा भाग) कोठे व किती लांबीचा बसतो. कार्डाची लांबी पाहताना पुढे रेडिएटर लावणार असाल तर त्याची व पंख्यांची जाडी वजा करावी. हे गणित साधे आहे, परंतु ते खरेदीपूर्वीच करायचे असते.

प्रतिसाद १

लेख उपयुक्त आहे. माझ्याकडे बी४५० चिपसेटचा एएम४ बोर्ड, एएमडीचा रायझेन ५ २६०० प्रोसेसर आणि १६ जीबी डीडीआर४ रॅम आहे. सर्व काही नवे घेणे शक्य नाही. याच बोर्डवर नवा प्रोसेसर बसवता येईल का आणि सोबत रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे ग्राफिक्स कार्ड घेतले तर चालेल का, यावर आपले मत हवे आहे. इंटेलच्या आर्क ग्राफिक्स कार्डांचाही पर्याय माझ्या मनात आहे.

प्रतिसाद २ (धागालेखक)

प्रोसेसरच्या बाबतीत तुमची परिस्थिती चांगली आहे. बहुतेक बी४५० बोर्डांना बायोस अद्ययावत केल्यावर रायझेन ५००० मालिका चालते, त्यात रायझेन ५ ५६०० आणि ५८००एक्स३डी हेही येतात. मात्र क्रम महत्त्वाचा आहे. जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच बायोस अद्ययावत करा, संगणक पुन्हा सुरू करून नवी आवृत्ती दिसते याची खात्री करा आणि त्यानंतरच प्रोसेसर बदला. ज्या बोर्डांची बायोस चिप १६ एमबीची होती त्यांच्यापैकी काहींवर नव्या प्रोसेसरांना जागा करून देण्यासाठी जुन्या प्रोसेसरांचे पाठबळ काढून टाकण्यात आले. त्यामुळे आधी तुमच्या मॉडेलच्या पानावरील सूचना शब्दशः वाचा. काही ठिकाणी मधली एखादी आवृत्ती टाकल्याशिवाय शेवटची टाकता येत नाही.

आरएक्स ६५०० एक्सटी मात्र मी सुचवणार नाही. हे कार्ड पीसीआय एक्स्प्रेस (कार्ड व बोर्ड यांतील जोडणी) ४.० च्या केवळ चार लेनवर, म्हणजे माहितीच्या चार वाटांवर, चालते. पीसीआय एक्स्प्रेस मागील आवृत्त्यांशी जुळते, म्हणून ते तुमच्या बोर्डवर सुरू नक्की होईल, परंतु बी४५० वर ग्राफिक्स कार्डाची जागा ३.० आवृत्तीची असल्यामुळे उपलब्ध वाहतूक निम्मी होईल. त्यातच या कार्डाची स्मृती ४ जीबीच आहे. ती भरली की माहिती याच अरुंद वाटेने रॅममधून आणावी लागते आणि गेम अडखळू लागतो. आठ लेनच्या कार्डांनाही ३.० वर थोडा फटका बसतो, पण स्मृती पुरेशी असेल तर तो सहसा सोसण्याजोगा असतो.

आर्क कार्डांना चांगल्या कामगिरीसाठी रीसायझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची संपूर्ण स्मृती एकदम वापरू देणारी, सोय लागते. तिला अधिकृत पाठबळ रायझेन ३००० पासून आणि इंटेलच्या दहाव्या पिढीपासून मिळते. रायझेन ५ २६०० वर ते कार्ड आपला खरा वेग दाखवणार नाही. प्रोसेसर आधी बदलणार असाल तर हा पर्याय विचारात घेता येईल, परंतु तेव्हा बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करून यूईएफआय या नव्या पद्धतीनेच संगणक सुरू करावा लागेल, आणि विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर असेल तर ती डिस्क आधी जीपीटी या नव्या विभागणीत रूपांतरित करावी लागेल.

प्रतिसाद ३

बायोसचा विषय निघाला आहे म्हणून एक भर घालतो. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील वरच्या श्रेणीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता निर्माण होत असल्याचे कंपनीने मान्य केले आणि ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांची) सुधारणा दिली. ही सुधारणा बायोसमधून येते. असा प्रोसेसर आज नवा घेतला तरी बोर्डवरील बायोस त्या तारखेनंतरचा आहे ना, हे पहिल्याच दिवशी पाहावे. वापरलेला प्रोसेसर घेताना अधिक काळजी हवी, कारण आधीच झालेली झीज या सुधारणेने भरून निघत नाही.

एएम५ वरही हीच दक्षता लागते. ६०० मालिकेचा बोर्ड दुकानात बराच काळ पडून राहिला असेल तर त्यावरील बायोस रायझेन ९००० ओळखणार नाही. अशा वेळी प्रोसेसर आणि रॅम नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस टाकण्याची सोय असलेला बोर्ड फार उपयोगी पडतो. दोन बोर्डांमध्ये निवड करताना दिव्यांची रचना पाहण्याऐवजी मागच्या बाजूला या सोयीचे बटण आहे का, ते पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रतिसाद ४

पॉवर सप्लायबाबत एक सरळ नियम मी पाळतो: १००० वॅटचा घ्यावा, म्हणजे पुढे काहीही बदलले तरी चिंता राहत नाही.

प्रतिसाद ५

प्रतिसाद ४ मधील नियमाशी मी सहमत नाही, कारण वॅटचा आकडा हा पॉवर सप्लायच्या निवडीतील केवळ एक भाग आहे आणि त्यावरच सारे पैसे खर्च केले तर गुणवत्तेसाठी काही उरत नाही.

हिशेब करून पाहू. रायझेन ५ ७६०० च्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेले असते, पण तो सॉकेटमधून जास्तीत जास्त ८८ वॅट घेऊ शकतो. आरटीएक्स ४०७० या ग्राफिक्स कार्डाची मर्यादा २०० वॅट आहे. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांसाठी ५० ते ६० वॅट धरले तरी एकूण ३५० च्या आसपास येते. निर्माता या कार्डासाठी ६५० वॅटची शिफारस करतो आणि त्यात पुरेशी मोकळीक आहे. याउलट कोअर आय९ १४९००के एकटाच २५३ वॅटपर्यंत जातो आणि आरटीएक्स ५०९० ची मर्यादा ५७५ वॅट आहे. त्या जोडीला १००० वॅट म्हणजे चैन नव्हे, ती गरजच आहे. आकडा भागांवरून ठरतो, सवयीवरून नाही.

येथे एक गैरसमजही दूर करायला हवा. ६५० वॅट म्हणजे पॉवर सप्लाय आतल्या भागांना देऊ शकतो ती शक्ती. भिंतीतून तो किती वीज घेतो, हे कार्यक्षमतेवर अवलंबून असते. ९० टक्के कार्यक्षमतेने ४५० वॅट पुरवताना तो ५०० वॅट ओढेल. यूपीएस निवडताना हा दुसरा आकडा धरावा आणि यूपीएसवरील व्हीए (व्होल्ट-अँपिअर) व वॅट यांत गल्लत करू नये. ८० प्लस या प्रमाणपत्राचे सुवर्ण किंवा कांस्य चिन्ह कार्यक्षमतेबद्दल सांगते, आतील घटक व संरक्षक यंत्रणा चांगल्या आहेत की नाहीत याबद्दल नव्हे. त्यासाठी उपकरण उघडून तपासणारी परीक्षणेच वाचावी लागतात.

जोडण्यांकडेही लक्ष द्यावे. पीसीआय एक्स्प्रेसच्या जागेतून ७५ वॅट आणि आठ पिनांच्या प्रत्येक जोडणीतून १५० वॅट, असे प्रमाण आहे. दोन जोडण्या लागणाऱ्या कार्डाला एकाच केबलच्या दोन फांद्या लावण्यापेक्षा दोन स्वतंत्र केबली लावाव्यात. नव्या सोळा पिनांच्या जोडणीतून ६०० वॅटपर्यंत शक्ती जाते, म्हणून ती शेवटपर्यंत आत गेली पाहिजे. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० आल्यावर या जोडण्या वितळल्याच्या तक्रारी आल्या आणि पुढे सुधारित १२व्ही-२x६ ही रचना आली. केबल जोडणीपासून लगेच वाकवू नये. कॅबिनेटची बाजू बंद करताना केबल दाबली जात असेल तर ते कॅबिनेट त्या कार्डासाठी अरुंद आहे, असे समजावे. एटीएक्स ३.० प्रमाणात अशा जोडणीचा पॉवर सप्लाय १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसेल, अशी अपेक्षा आहे. क्षणिक उसळ्या घेणाऱ्या कार्डांसाठी हे प्रमाण जास्तीच्या वॅटपेक्षा अधिक कामाचे आहे.

प्रतिसाद ६

मी पहिल्यांदाच संगणक जोडत आहे. पुढील यादी तपासून द्यावी, ही विनंती. रायझेन ५ ७६००, मायक्रो एटीएक्स आकाराचा बी६५० बोर्ड, ८ जीबीच्या चार डीडीआर५ पट्ट्या, आरटीएक्स ४०७०, १६५ मिलिमीटर उंचीचा हवेचा कूलर, १६० मिलिमीटरपर्यंत कूलर घेणारे कॅबिनेट, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि २५६० × १४४० चा १६५ हर्ट्झचा मॉनिटर. एका संकेतस्थळाने या जोडीत प्रोसेसर काही टक्के बॉटलनेक (बाकी भागांचा वेग अडवणारा) आहे, असे दाखवले. त्यामुळे रायझेन ७ घ्यावा की काय, असा संभ्रम आहे.

प्रतिसाद ७ (धागालेखक)

तुमची यादी मुळात समतोल आहे, फक्त दोन ठिकाणी बदल हवा.

कूलर या कॅबिनेटमध्ये बसणार नाही. झाकण ५ मिलिमीटरने अडेल. पण मुळात एवढ्या मोठ्या कूलरची गरज नाही. रायझेन ५ ७६०० सोबत खोक्यातच कूलर येतो आणि ८८ वॅटसाठी तो चालतो. आवाज कमी हवा असेल तर १५५ मिलिमीटरच्या आसपासचा एकेरी मनोऱ्याचा कूलर पुरे. एएम५ ची जोडणी एएम४ च्या बहुतेक कूलरांशी जुळते, मात्र एएम५ बोर्डची मागची पट्टी सॉकेटलाच जोडलेली असल्याने जे कूलर स्वतःची मागची पट्टी मागतात ते चालत नाहीत. कूलरच्या पंख्याखाली उंच रॅम मावते का, तेही पाहा.

रॅम बदलाच. एएम५ वर रायझेन ७००० साठी दोन पट्ट्या असताना अधिकृत वेग ५२०० (मेगाट्रान्स्फर प्रतिसेकंद) आहे, आणि चारही जागा भरल्या की तो ३६०० वर येतो. चार पट्ट्या बसतील, संगणक सुरूही होईल, आणि तुम्ही विकत घेतलेला वेग मिळणार नाही. मूळ लेखात ज्या प्रकाराबद्दल लिहिले तो हाच. शिवाय ८ जीबीच्या डीडीआर५ पट्टीवर सहसा चारच चिपा असतात आणि त्यांतील बँकगटांची (स्मृतीच्या अंतर्गत विभागांची) संख्या १६ जीबीच्या पट्टीपेक्षा निम्मी असते, त्यामुळे ती सारख्याच वेगाला थोडी मागे पडते. १६ जीबीच्या दोन पट्ट्यांचा एकच संच घ्या. एएम५ साठी ६००० चा वेग आणि एक्स्पो प्रोफाइल (तो वेग लावणारी तयार मांडणी) असलेला संच योग्य ठरतो. पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या जागेत लावा आणि बायोसमध्ये ते प्रोफाइल सुरू करा. ते न केल्यास रॅम आपल्या मूळ कमी वेगावरच चालत राहते आणि कोणतीही सूचना दिसत नाही.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण अनेकांचा येथे धीर सुटतो: एएम५ संगणक पहिल्यांदा सुरू करताना रॅमची जुळवाजुळव करण्यात काही मिनिटे जातात आणि तोपर्यंत पडदा काळाच राहतो. घाईने वीज बंद करू नका.

बॉटलनेकच्या टक्केवारीकडे मात्र दुर्लक्ष करा. प्रत्येक क्षणी कोणता तरी एक भाग मर्यादा घालतच असतो, आणि तो कोणता, हे गेमवर, दृश्याच्या मांडणीवर व पडद्यावरील बिंदूंच्या संख्येवर ठरते. १९२० × १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख बिंदू, तुमच्या पडद्यावर सुमारे ३६.९ लाख आणि ३८४० × २१६० वर ८२.९ लाख. बिंदू वाढले की भार ग्राफिक्स कार्डावर येतो, प्रोसेसरवर नव्हे. शेकडो पात्रांची हालचाल मोजणारे रणनीतीचे गेम हे तुमचे मुख्य आकर्षण असेल तरच प्रोसेसरवर अधिक खर्च करा, आणि तेव्हाही केवळ जास्त कोअर असलेल्यापेक्षा ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधील जलद स्मृती) असलेला ७८००एक्स३डी पाहा. एएमडीने एएम५ चे पाठबळ २०२७ पर्यंत व त्यापुढेही चालू ठेवण्याचे जाहीर केले आहे, त्यामुळे हा बदल नंतरही त्याच बोर्डवर करता येईल.

प्रतिसाद ८

मॉनिटरची बाजू मांडतो. १६५ हर्ट्झचा पडदा घेऊनही विंडोजमध्ये ६० हर्ट्झच ठेवलेले अनेक संगणक मी पाहिले आहेत. डिस्प्ले पोर्टची केबल वापरा, ती ग्राफिक्स कार्डाला लावा आणि सेटिंगमध्ये हर्ट्झ बदला. केबल बोर्डच्या मागील जोडणीत लावली तर रायझेन ७००० मधील छोटे अंगभूत ग्राफिक्स चित्र दाखवेल आणि तुमचे कार्ड रिकामे बसेल. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावात शेवटी एफ असतो त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसते, तेव्हा तेथे पडदा काळा राहील.

एसएसडीबाबतही एक सूचना आहे. एम.२ ही जागेच्या आकाराची ओळख आहे, वेगाची नाही. त्या आकारात साटा (जुनी, संथ जोडणी) आणि एनव्हीएमई (वेगवान जोडणी) अशा दोन्ही प्रकारच्या एसएसडी मिळतात आणि काही जागा फक्त एकच प्रकार स्वीकारतात. काही बोर्डांवर दुसरी एम.२ जागा वापरली की साटाच्या एक-दोन जोडण्या बंद होतात. जुन्या हार्ड डिस्क जोडायच्या असतील तर बोर्डच्या पुस्तिकेतील हे पान आधी वाचा.

प्रतिसाद ९ (प्रतिसाद ६ चे लेखक)

सर्वांचे मनापासून आभार. कूलर वगळला आहे, खोक्यातील वापरेन. रॅम १६ जीबीच्या दोन पट्ट्यांचा ६००० चा संच अशी बदलली. बोर्डच्या पुस्तिकेत पाहिले असता दोन्ही एम.२ जागा साटाशी वाटून घेतलेल्या नाहीत. मात्र कॅबिनेटच्या दर्शनी भागावर यूएसबी-सी आहे आणि बोर्डवर त्यासाठी वेगळी जोडणी दिसत नाही. यासाठी बोर्ड बदलावा का?

प्रतिसाद १० (धागालेखक)

केवळ तेवढ्यासाठी बदलू नका. दर्शनी यूएसबी-सी साठी बोर्डवर छोटी, वेगळ्या आकाराची जोडणी लागते आणि ती नसेल तर कॅबिनेटवरील यूएसबी-सी निष्क्रिय राहील, बाकी काही अडणार नाही. १९ पिनांच्या यूएसबी ३ जोडणीतून ती चालवणारे अडॅप्टर मिळतात, परंतु बोर्डवर अशी एकच जोडणी असेल तर दर्शनी भागातील नेहमीच्या यूएसबी ३ जोडण्या तेव्हा सोडाव्या लागतील. बोर्डची बायोस आवृत्ती आणि प्रोसेसर यादी एकदा ताडून पाहा. ते जुळले की खरेदी करायला हरकत नाही.